चार नंबर

“पोरी, मशीनचा सूर बदलला की आधी माणसांना सांगावं,” बिर्लानगरच्या मिलमध्ये जन्मभर खपलेले बाबा म्हणायचे. सोमवारी डब्यांच्या कारखान्यात माझ्या चार नंबरच्या मशीनचा जड दट्ट्या आपोआप खाली घसरला. मी सुपरवायझरकडे धावले. सगळे चहाला बसलेले. मला सात वर्षांत कुणी चहाला बोलावलं नव्हतं. “तुझे किसने बुलाया, चार नंबर? हाथ चला!” मी बोलण्याआधीच तो खेकसला, सगळे हसले. मी दट्ट्याचं न सांगताच परतले, अडकलेला पत्रा हाताऐवजी चिमट्यानं काढू लागले. “चिमटा क्यों? ऐसे निकालते हैं!” म्हणत गुरुवारी त्यानं दट्ट्याखाली हात घातला. मी पाहत राहिले. दट्ट्या कोसळला, हाडं कडकडली, रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर उडाली. मी कळ ओढून दट्ट्या उचलला, ओढणीनं त्याचं मनगट आवळलं. “आपने बचा लिया, नीलमजी!” त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं. “भैया,” मी म्हणाले, “मुझे सोमवार से पता था.”