मनगटाचा दोष

"कोणत्या शहाण्याने हात लावला याला?"

मामाने रिकामं पिस्तूल व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि भिंगातून पाहिलं. मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खाचेच्या, स्क्रूचं डोकं पार झिजलेलं. चावी बसायला सहा कोन असायला हवेत, तिथे नुसतं गोल भोक. "अगं, स्क्रू आहे का उखळ?"

"मीच लावला," भाची म्हणाली. "काल. नवी साइट बसवायची होती. निघेचना."

झालं, मामाचा पारा चढला. बावीस वर्षं तो या नेमबाजी क्लबची पिस्तुलं दुरुस्त करत होता, आणि एवढ्या वर्षांत स्क्रूची अशी दुर्दशा त्याने पाहिली नव्हती. "उद्या संघाची निवड, आणि आज हा पराक्रम! ही शेवटची संधी म्हणून सांगितलंय ना सरांनी? मनगटाची बोंब आहेच, त्यात आता हे!"

भाची हॉस्पिटलात नर्स होती, सकाळची पाळी संपवून तशीच आली होती. दार मिटू नये म्हणून तिचीच वीट लावलेली होती. वर्षभर रोज ती वीट एका हातात सरळ धरून ती क्लबच्या अंगणात उभी राहायची. नेमबाजी शिकवणाऱ्या सरांचा हुकूमच होता तसा. मनगट डावीकडे झुकतं म्हणे. "मी सांगेपर्यंत खाली नाही," असं म्हणून सर चहाला निघून जायचे.

मामाने डाख द्यायची डाखणी तापवून तिचं टोक स्क्रूच्या डोक्यावर टेकवून धरलं. पाच मिनिटं. मग बारीक करवतीने डोक्यावर आडवी खाच पाडली, स्क्रू ड्रायव्हर त्यात बसवला आणि अंगाचा सगळा भार टाकला. स्क्रू ढिम्म. "काय मेलं सिमेंट भरलंय का यात!" त्याने पुन्हा डाखणी टेकवली. या वेळी दहा मिनिटं.

तेव्हा तो वास आला. जळकट, गोडसर. मामाचा हात थबकला. हा वास त्याच्या ओळखीचा होता.

कट्कन आवाज झाला आणि स्क्रू फिरला. त्याने तो बाहेर काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवला. आट्यांमध्ये लाल भुगा अडकला होता. स्क्रू पक्का राहावा म्हणून आट्यांना डिंक लावतात; निळा लावला तर स्क्रू पुन्हा काढता येतो. लाल लावला की तापवल्याशिवाय तो जन्मात निघत नाही.

"कालचा कागद आहे का गं?" त्याने विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

तिने पर्समधून निशाण्याचा कागद काढून दिला. दहा भोकं. मधल्या काळ्या गोलात एकही नाही. सगळी डावीकडे, आणि सगळी एकमेकांना चिकटून. शर्टाच्या दोन गुंड्यांखाली झाकली असती. मनगट वाईट असतं तर भोकं चहूकडे उधळली असती. हे आंधळ्यालाही दिसलं असतं, पण वर्षभरात मामाने एकदाही तिचा कागद मागितला नव्हता. सरांनी मागितला होता, आणि मनगट मनगट म्हणून परत दिला होता.

"मनगट नाही," तो म्हणाला. "साइट. ती डावीकडे सरकवून चिकटवलेली आहे."

"कोणी?"

मामाने फडक्याला हात पुसले. पुसलेले पुन्हा पुसले. "हे पिस्तूल आधी सरांच्या पुतण्याकडे होतं. तो वेडावाकडा धरायचा. सरांनी त्याच्या हाताला जुळेल अशी साइट डावीकडे सरकवून बसवली आणि म्हणाले, ही हलता कामा नये, पक्की करून टाक. मी लाल डिंक लावला. नंतर पुतण्याने खेळ सोडला, आणि मी विसरलो."

"मी दहादा म्हटलं सरांना, साइट बघा म्हणून." तिचे डोळे भरून आले, पण ते रागाने. "वॉर्डात तान्ह्या बाळाची शीर सापडत नाही तेव्हा मलाच हाक मारतात, मामा! आणि इथे माझं मनगट वाईट? तूसुद्धा तेच म्हणायचास. जेवताना. सगळ्यांसमोर."

मामाला तोंड वर करवेना. जे दिसायला हवं होतं ते न बघता तो सरांचीच री ओढत राहिला होता, आणि तेही सख्ख्या भाचीच्या बाबतीत. त्याने नवी साइट बसवली, मधोमध. या वेळी निळा डिंक, एकच थेंब.

तेवढ्यात सर दारात आले. "काय, झालं का काम? उद्या मनगट सांभाळ हं."

"मनगट ठीक आहे सर," मामा म्हणाला. त्याने फडक्यावरचा स्क्रू त्यांच्यासमोर धरला. "दोष यात होता. पुतण्यासाठी तुम्ही पक्का करायला लावलात, मी केला. वर्षभर पोरगी बरोबरच मारत होती."

सरांनी स्क्रूकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "असेल, असेल. पण काही वाया गेलं नाही. व्यायाम तर झाला ना!"

भाची उठली. दाराची वीट तिने एका हाताने उचलली आणि हात सरांच्या छातीसमोर सरळ लांब केला.

"धरा सर. मी सांगेपर्यंत खाली नाही."

"हा काय फाजीलपणा?" सर मामाकडे वळले. "अहो मिस्त्री, समजवा हिला. उद्या निवड माझ्याच हातात आहे."

मामाने व्हाइस सैल केला, पिस्तूल काढून पेटीत ठेवलं आणि पेटी भाचीच्या बाजूला सरकवली.

"धरा म्हणतेय ती, सर."

सरांनी हात पुढे केला नाही. वीट तशीच त्यांच्यासमोर राहिली, किती वेळ कोण जाणे. तिचं मनगट तसूभरही हललं नाही.