चौदा नंबरचं गणित

डेलमिरानं कापडी पिशवीत हात घातला आणि लाकडी गोळी बाहेर काढली. चौदा.

"चौदा नंबरचं गणित," तरुण परीक्षक उलिसेस म्हणाला आणि फायलीतला एक कागद त्यानं तिच्यापुढे सरकवला.

कागद ओळखीचा होता. कॉलेजच्या जिन्याखालचं झेरॉक्स मशीन डेलमिरा एकोणीस वर्षं चालवत होती. ती शिकलीही तिथे येणाऱ्या नोट्सवरून, गिऱ्हाईक नसलं की स्टुलावर बसून. सोडवलेल्या उत्तरांचे गठ्ठे मात्र ती फक्त विकायची, वाचायची नाही. दुसऱ्यानं चावलेला घास गिळायचा नाही, हा तिचा हट्ट.

वर्गात न बसता परीक्षा देणाऱ्यांची ही वर्षातली शेवटची फेरी होती. दोन वर्षांत एकही विषय सुटला नाही तर पटावरून नाव जातं, आणि डेलमिराची दोन वर्षं आज संपत होती. शेहेचाळिसाव्या वर्षी नाव घातलं तेव्हा अख्खी गल्ली हसली होती. टेबलापलीकडे मुख्य परीक्षक, इंजिनियर बेर्तान्योली, तेरेरे, म्हणजे बर्फाच्या पाण्यातला पाल्याचा गार चहा, नळीनं ओढत बसले होते. तिसरे परीक्षक सकाळीच सही करून सटकले होते.

तिनं फळ्यावर तिन्ही समीकरणं उतरवली.

x + y + z = 6
2x + y − z = 1
3x + 2y = 1

पहिल्या दोहोंची बेरीज केली. 3x + 2y = 7. मग ती तिसऱ्याकडे बघत राहिली. पुन्हा बेरीज केली आणि खडू खाली ठेवला.

"ह्याला उत्तर नाही."

उलिसेसनं फायलीत डोकावलं. "आहे की, दोन्या डेलमिरा." थोरल्या बाईला मानानं तिकडे दोन्या म्हणतात. "x एक, y दोन, z तीन. घाई करू नका, परत बघा."

"बघितलं. वरची दोन म्हणतात सात, खालचं म्हणतं एक. तीच गोष्ट सातही आणि एकही कशी असेल?"

"अहो, सगळ्यांना येतं हे उत्तर!"

"मग घालून बघ ना तिसऱ्यात. तीन एके तीन, बे दुणे चार. किती झाले?"

"सात."

"आणि कागदावर?"

बेर्तान्योलींनी नळी तोंडातून काढली, उठून कपाट उघडलं आणि टाइप केलेला जुना मूळ कागद शोधून काढला. त्यात तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला, 3x च्या आधी, एक बारीक वजा होतं. प्रतीत ते उठलंच नव्हतं.

"ह्या प्रती कुणी काढल्या?"

"मीच, साहेब. सहा वर्षांपूर्वी. मशीनचा ड्रम झिजलाय म्हणून तेव्हा दोनदा अर्ज दिला होता मी ऑफिसात."

सहा वर्षं. सहा वर्षं पोरं चौदाची गोळी काढत होती, फळ्यावर कुठेतरी गुपचूप वळण घेऊन पाठ केलेल्या एक-दोन-तीनवर येत होती आणि मार्क घेऊन जात होती. उलिसेसचे कान लाल झाले. त्याला ह्याच गणितावर दहापैकी नऊ मिळाले होते.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे," बेर्तान्योली शेवटी म्हणाले. "पण तुला पास करायचं तर ह्या गणिताला उत्तर नाही असं लिहून द्यावं लागेल मला. मग त्या पोरांचं काय करू? त्यातली काही आज पूल बांधतायत."

"कागदावर होतं ते मी सोडवलं, साहेब."

"कागद चुकीचा होता. आणि चूक तुझ्याच मशीनची, आमच्यावर कशाला ढकलतेस? मार्चमध्ये ये."

"मार्चमध्ये माझं नाव नसेल पटावर."

"मग परत घाल. आता कुठे लग्नाची घाई आहे तुला?"

आणि त्यांनी तिच्या नावापुढे दोन मार्क लिहिले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथे तर चोर परीक्षकांच्या खुर्च्यांवर बसले होते.

डेलमिरा जिना उतरली, खिडकी उघडली, मशीन चालू केलं. डोळ्यांत पाणी आलं नाही. इतका राग आला होता की रडूही फुटेना. पोरांची रांग लागली. ती एकेकाचा कागद घेई आणि तोंडाकडे न बघता प्रती पुढे टाकी.

अर्ध्या तासानं उलिसेस रांग ओलांडून थेट खिडकीशी आला. हातात तोच मूळ कागद.

"ह्याच्या चाळीस, दोन्या. वजा तेवढं पेनानं गडद करा. आणि साहेब म्हणाले, वर झालं ते वरच राहू दे."

तिनं वजा गिरवलं. चाळीस प्रती निघाल्या. तिनं गठ्ठा ठोकून सारखा केला आणि त्याच्या हातात दिला. तो हलेना. त्यानं मागच्या पोरांकडे एक नजर टाकली आणि आवाज उतरवला.

"दोन्या, सात आणि एक जमत नाहीत ते कळलं मला. पण कुठल्या गणिताला उत्तर असतं आणि कुठल्याला नसतं, हे आधीच कसं ओळखायचं? मला ते कधी नीट समजलंच नाही. पाठ केलं नि पुढे गेलो. सांगाल एकदा?"

डेलमिरानं पहिल्यांदाच मान वर केली.

"रांगेत उभा राहा."

पुढे नऊ पोरं होती. परीक्षक गठ्ठा छातीशी धरून मुकाट्यानं त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला.