बिनगाडीचा दिवस

बोगोटात वर्षातून एक दिवस श्रीमंतांना हवेची दया येते. त्या गुरुवारी कुणी गाडी काढायची नाही, सगळ्यांनी बसने जायचं. आमच्या टेकडीवर गाडी कुणाकडेच नाही, म्हणून मी नेहमीसारखी पहाटे थांब्यावर जाऊन उभी राहिले. बस आलीच नाही.

शेजारची दोन्या मिर्था म्हणाली, "यामिले, उभी काय राहिलीस? चालायला लाग. पुन्हा उशीर झाला तर काढून टाकीन म्हणालीय ना तुझी बाई?"

शहराच्या त्या टोकाला पायी पोचेपर्यंत दुपार व्हायला आली. मालकीण सेन्योरा बेआत्रिस दारातच उभी होती.

"बसच आली नाही, सेन्योरा."

"थापा मारू नकोस! आज आयुष्यात पहिल्यांदा बसने फिरून आले मी. लगेच मिळाली, शिवाय बसायलाही जागा. उगाच रडत असता तुम्ही लोक. उद्यापासून येऊ नकोस."

आणि पुरावा म्हणून तिने बससमोर काढलेला स्वतःचा फोटो माझ्या नाकासमोर धरला.



फोटोतल्या बसच्या कपाळावरची आमच्या टेकडीची पाटी बदलायचंसुद्धा कुणाला सुचलं नव्हतं.