आरशाचा मास्क

"रंग मारताना मास्क वापरता का?" रिपोर्टवरची नजर न काढता डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रोज!" हिंदुराव पेंटर छाती फुगवून म्हणाला. पंचवीस वर्षं तो रिक्षा रंगवत होता. मास्कचं त्याला कुणी शिकवायचं काम नव्हतं.

"मग रक्तात एवढं शिसं आलं कुठून? किडन्या निम्म्यावर आल्यात तुमच्या. लावता कसा तो मास्क?"

"आरशाला. रिक्षाच्या गोल आरशावर टोपीसारखा बसतो बघा. मागनं इलॅस्टिक अडकवलं की काचेवर एक थेंब उडत नाही."

"छान. आरशाच्या किडन्या ठणठणीत असतील."

शेजारी बसलेली बायको खुदकन हसली, आणि मग तोंडाला पदर लावून रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी गॅरेजचा मालक ओरडत आला. "हिंदुराव, आरशावर रंग? पंचवीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं!"

मास्कच्या आतून आवाज आला, "आरसा चौकातल्या दुकानात मिळतो, मालक. जाताय तर किडनी ठेवतात का, तेवढं विचारून या."