वीस टन

खंडेनवमीला कारखान्यातल्या क्रेनची पूजा होती. क्रेन पेलणारे खांब आणि तुळया मीच डिझाइन केल्या होत्या, म्हणून नारळ फोडायला मला बोलावलं होतं. वर पाहिलं. जुनी क्रेन काढून नवी बसवली होती. तिच्यावर ठळक लिहिलं होतं, ‘वीस टन’.

“अहो, माझं डिझाइन दहा टनांचं आहे! आधी क्रेन बंद करा.”

“दोन वर्षं चालतेय, साहेब. कुठे काय झालं?” मॅनेजरनी हसून नारळ माझ्या हातात दिला.

तेवढ्यात क्रेन चालवणारा शिंगाडे शिडी उतरून माझ्या पाया पडला. “मी वर बसतो म्हणून बायको घाबरते. तिला सांगतो, खांब पाटणकरसाहेबांचे आहेत.”

सगळे प्रसादासाठी खोळंबले होते. मी नारळ फोडला.

शिंगाडे पुन्हा शिडी चढू लागला.