उलटा पीळ

पदक पुन्हा डाव्या खांद्याकडे वळलं. आरशासमोर उभ्या नलिनीने ते सरळ केलं, हात काढला, आणि ते मेलं परत फिरलं.

"हार सुरेख आहे गं, पण गळ्यात असा तोंड फिरवून बसतो," वसुधा म्हणाली. शेजारची वसुधा नलिनीने दोरीच्या गाठी मारून केलेले हार आणि हातातली कडी ऑफिसातल्या बायकांना विकून द्यायची. "कडी झकास जातात. हारांचं तेवढं बघ ना."

बघायचं काय? नलिनीने दोरी बदलून पाहिली, जड पदक लावून पाहिलं, गाठी सैल मारल्या, घट्ट मारल्या. आधी पदकापासून मानेपर्यंत एक बाजू, मग दुसरी. गाठीवर गाठ बसत गेली की दोरीला आपोआप देखणा पीळ पडायचा. त्यात खोट कुठे होती ते तिला काही केल्या दिसत नव्हतं.

आणि समोर खाटेवर नवरा, सहदेव. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा तेव्हा तुटलेल्या धाग्याला त्याने मारलेली गाठ कापडात शोधून सापडत नसे. बोलायलाही असा की भटवाडीतली अख्खी चाळ हसवायचा. संप लांबला, गिरणी गेली, तसा तो विझत गेला. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे पीळही उरला नव्हता. जेवायचा, झोपायचा, बाकी वेळ नलिनीच्या हातांकडे तोंड करून गप्प बसायचा. बघतोय की नुसते डोळे उघडे आहेत, कळायचं नाही. हार गेले खड्ड्यात, हा माणूस एकदा भांडला तरी पुरे, असं तिला वाटायचं.

त्या दुपारी नव्या हाराची एक बाजू झाली होती. तो तसाच उशीला टाचून ती रॉकेलच्या रांगेत गेली. परत येऊन बघते तर दुसरी बाजूही पुरी.

कोणी केलं? वसुधा ऑफिसात, आणि तिला गाठीतला ग येत नव्हता. नलिनीने उशी दाराच्या उजेडात ओढली. गाठी एकसारख्या, तिच्याहून घट्ट, कुठे फट म्हणून नाही. फक्त पीळ उलटा. तिचा उजवीकडे चढत गेलेला, हा डावीकडे. आता हे सगळं सोडवत बसा, म्हणून ती चरफडली. सोडवायला टाचणी उचलली आणि तिचा हात थांबला.

असा पीळ पडेल कोणाच्या हातून? जवळ बसून शिकलेल्याच्या नाही. तिचा उजवा हात ज्याला आपल्या डाव्या बाजूला दिसतो, त्याच्या. समोर बसून शिकलेल्याच्या.

म्हणजे इतके महिने तिची एकेक गाठ त्या डोळ्यांत जात होती. खाटेकडे बघायचा तिला धीर होईना. गाभाऱ्यासमोर उभं राहिल्यावर मान वर करवत नाही, तसं झालं. काहीतरी करायचं म्हणून तिने हाराची टोकं बांधली आणि तो गळ्यात घातला.

पदक छातीवर मधोमध बसलं. तिने ते मुद्दाम डावीकडे ढकललं. ते हळूच फिरून जागेवर आलं. उजवीकडे ढकललं, तरी पुन्हा तिथेच.

"अहो," ती कशीबशी म्हणाली, "हे सरळ कसं बसलं?"

खाटेवरून तो जुना, चेष्टेखोर मालवणी आवाज आला.

"एकट्यानच दोनय बाजू इणल्यार ता फिरतलाच गो."