गाठीत शिरलेला

अल खर्जच्या डेअरीला लसूणघास पुरवणाऱ्या शेतावर हाशिर इतका जुना, की त्याच्याआधी तिथं वाळूसुद्धा नव्हती म्हणे. परदेशी काढून स्थानिक नेमायच्या सौदीकरणात त्याची जागा फैसलला मिळाली. फैसलला काम शिकवायचं आणि गुरुवारी कायमचं रत्नागिरीला परतायचं. हाशिरचे पाय एका जागी ठरत नव्हते.

त्यानं घासाचं रोप उपटून मुळावरच्या गुलाबी गाठी दाखवल्या. "जिवाणू आधी अंगची साखर पुढे करतो. ती पटली, तरच मूळ त्याला आत घेतं."

फैसल हसला. "म्हणजे इकामाच की, इथं राहायचा परवाना!"

"अगदी! मग राहणं-खाणं फुकट. हा आत बसून हवेतून खत बनवत राहतो."

"आणि काम संपलं की, हाशिरभाई? परत मातीत जाऊन पहिल्यासारखा जगतो?"

हाशिरनं रोप या हातातून त्या हातात घेतलं. या घासाच्या गाठीत शिरलेला जिवाणू फुगतो, पार बदलतो. त्याला पुन्हा बाहेर जगता येत नाही, हे हाशिरला पक्कं ठाऊक होतं.

"जगतो की, बाबा!" तो मोठ्यानं म्हणाला. "मजेत जगतो. शेजारीपाजारी बघायला येतात."